लस टोचली खरी, पण लागू पडली का?

लसीकरणाचं पथक गोठ्यात येतं. गाय खोड्यात घालतात, मानेत सुई जाते, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर मोबाइलमध्ये भरला जातो आणि पथक पुढच्या दाराशी जातं. मालक म्हणतो, झालं काम. पण सुई टोचणं वेगळं आणि लस लागू पडणं वेगळं. बर्फाची पेटी उन्हात राहिली असेल, वासरू फारच लहान असेल, जनावर जंतांनी पोखरलेलं असेल, नाहीतर लसीतला विषाणू आणि गावात शिरलेला विषाणू यांचं नातंच दूरचं असेल. बाहेरून बघून यातलं काही कळत नाही. गाय आपली निवांत रवंथ करत असते.

कळतं ते चमचाभर रक्तातून. त्या रक्ताला बोलतं करण्यासाठी शास्त्रज्ञांनी गेल्या दीडशे वर्षांत जे उद्योग केले, ते वाचताना कधी हसू येतं, तर कधी अंगावर काटा. त्यातले हे निवडक मासले.

आधी एकच कसोटी होती: मेली की जगली

साल 1881. पॅरिसजवळच्या पुई-ल-फोर गावात रोसिन्योल नावाच्या पशुवैद्याची शेती होती. काळपुळीवर, म्हणजे अँथ्रॅक्सवर आपण लस काढली आहे असं लुई पाश्चर सांगत होते आणि निम्मा गाव त्यांची फजिती बघायला उत्सुक होता. 24 मेंढ्या, एक शेळी आणि सहा गायीबैलांना 5 आणि 17 मे रोजी लस टोचली. तेवढ्याच मेंढ्या, एक शेळी आणि चार गायी बिनलशीच्या ठेवल्या. 31 मे रोजी सगळ्यांना जिवंत जंतू टोचले. 2 जूनला पत्रकार, शेतकरी, पुढारी जमले तेव्हा लस घेतलेल्या मेंढ्या चरत होत्या आणि बिनलशीच्या मेलेल्या किंवा मरणाच्या वाटेवर होत्या. प्रतिकारशक्ती मोजण्याची ही पहिली जाहीर परीक्षा. निकाल समजायला ना सूक्ष्मदर्शक लागला, ना तक्ता.

यामागची भानगड पुरती बाहेर यायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली. हवेतल्या प्राणवायूने जंतू कमजोर करून लस केली, असा सगळ्यांचा समज पाश्चर यांनी होऊ दिला होता. प्रत्यक्षात त्या दिवशी टोचलेली लस त्यांचे सहकारी शांबर्लां यांच्या पद्धतीची, पोटॅशियम डायक्रोमेट वापरून केलेली होती. जेराल्ड गीसन या इतिहासकाराने पाश्चर यांच्या खासगी वह्या चाळून 1995 साली हे पुस्तकात मांडलं. थोर माणसाच्या वह्या जपून ठेवण्याचा हा तोटा!

जनावराला थेट रोग देऊन लस तपासण्याची ही पद्धत इतिहासजमा झाली असं वाटेल, पण नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीची ताकद ठरवण्याची मूळ आंतरराष्ट्रीय कसोटी तीच आहे. लस दिलेल्या गायींच्या थेट जिभेत जिवंत विषाणू टोचतात, तोही निम्म्या जनावरांना आजारी पाडायला पुरेल त्या मात्रेच्या दहा हजार पट. मग बघतात कुठे? खुरांकडे. जिभेवर फोड येणारच, ते मोजत नाहीत. विषाणू रक्तातून फिरून पायापर्यंत पोचला, तर लस नापास. निम्म्या जनावरांना वाचवणारी मात्रा हे एकक धरून नेहमीच्या लसीच्या एका डोसात अशी किमान तीन एककं असावी लागतात आणि साथ फुटल्यावर घाईने वापरायच्या लसीत सहा. एवढ्या गायी बांधून ठेवायच्या, त्यांना आजारी पाडायचं, वर तो विषाणू बाहेर सुटू नये म्हणून कडेकोट इमारत हवी. म्हणूनच सगळ्यांचा ओढा रक्ताच्या चाचणीकडे वळला.

बेटावर हद्दपार

लाळ्या-खुरकुताचा विषाणू हा प्राण्यांमध्ये सापडलेला पहिला विषाणू. फ्रीडरिश लोफ्लर आणि पाउल फ्रॉश या जर्मनांनी 1897-98 मध्ये फोडातलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं, तरीही ते रोग देत राहिलं. पण लोफ्लर यांच्या प्रयोगशाळेतून हा पाहुणा आसपासच्या गोठ्यांत जाऊ लागला. शेवटी सरकारने काम बंद पाडलं आणि 1910 मध्ये त्यांची रवानगी बाल्टिक समुद्रातल्या रीम्स बेटावर केली. ती संस्था आजही तिथे आहे. डेन्मार्कने लिंडहोम बेट निवडलं, अमेरिकेने प्लम आयलंड.

आपल्याकडे बेटाऐवजी डोंगर सापडला, आणि त्या गोष्टीची सुरुवात पुण्यात होते. 1889 च्या डिसेंबरात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. गजबजलेल्या शहरात बुळकांडीचे, म्हणजे गुरांच्या रिंडरपेस्टचे जंतू खेळवणं बरं नव्हे हे लक्षात आलं आणि 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. पुढे तिचीच भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था झाली. लाळ्या-खुरकुताचं देशातलं मुख्य संशोधनही वर्षानुवर्षं मुक्तेश्वरलाच चाललं. आता ते भुवनेश्वरजवळ आहे.

बेट, डोंगर, भिंती सगळं करूनही 2007 साली इंग्लंडमधल्या पिरब्राइटच्या आवारातून हा विषाणू निसटलाच. कारण काय, तर सांडपाण्याचे जुने, फुटके पाइप.

पिपेट मिळेना म्हणून

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की जिकडेतिकडे एक वस्तू दिसते: तळहाताएवढी प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यात आठ ओळी गुणिले बारा, असे 96 खळगे. हिचा जन्म टंचाईतला. 1951 च्या सुमारास हंगेरीत इन्फ्लूएंझाची मोठी साथ होती, नमुन्यांचा ढीग पडला होता आणि काचेच्या पिपेटा मिळत नव्हत्या. ग्युला टाकाची या डॉक्टरने प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात हाताने खळगे कोरले, सहा ओळी, ओळीत बारा. पिपेटऐवजी तारेची छोटी वेटोळी केली. आज जगातल्या बहुतेक प्रयोगशाळा त्याच कल्पनेवर चालतात.

या पट्टीवरची राणी म्हणजे एलायझा ही चाचणी. 1971 मध्ये स्टॉकहोममध्ये एंगवॉल आणि पर्लमान, आणि नेदरलँड्समध्ये ऑर्गेनॉन कंपनीत स्खूर्स आणि फान वेमेन, अशा दोन जोड्यांनी एकमेकांना पत्ता नसताना ती एकाच वर्षी जाहीर केली.

लाळ्या-खुरकुतासाठी वापरली जाणारी एक जुनी एलायझा जवळून बघण्यासारखी आहे, कारण एका गायीच्या थेंबभर रक्तद्रवासाठी तिथे अख्खं प्राणिसंग्रहालय राबतं. आदल्या संध्याकाळी गायीचा रक्तद्रव आणि मेलेला विषाणू एकत्र करून ठेवायचे. गायीत अँटीबॉडी असतील तर त्या रात्रभरात विषाणूला धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ते मिश्रण खळग्यात घालायचं. खळग्याच्या तळाला आधीच सशाच्या अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात. मोकळा राहिलेला विषाणू त्या पकडतात. त्यावर गिनीपिगच्या अँटीबॉडी. त्यांना ओळखणाऱ्या अँटीबॉडी वेगळ्याच, आणि त्यांच्या शेपटाला एक विकर बांधलेलं. हे विकर येतं हॉर्सरॅडिश नावाच्या मुळातून, जे मोहरी-मुळ्याच्या कुळातलं आहे. हॉटेलात सुशीबरोबर वासाबी म्हणून जी हिरवी झणझणीत चटणी देतात, ती बहुतेक वेळा याच मुळाची असते. शेवटी रसायन घातलं की खळगा पिवळा-नारिंगी होतो. मुळात तो विषाणूही वाढवलेला असतो हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर. गाय, ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि एक तिखट मूळ!

नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते. रंग भडक आला म्हणजे निकाल छान, असं वाटतं. या चाचणीत उलटं आहे. खळगा रंगला, म्हणजे विषाणू मोकळा होता, म्हणजे गायीकडे त्याला धरायला अँटीबॉडी नव्हत्या. कोरा राहिलेला खळगा ही आनंदाची बातमी.

अँटीबॉडी किती हे काढायची रीत मात्र सगळीकडे सारखीच: रक्तद्रव निम्मा-निम्मा पातळ करत जायचा. 1:2, 1:4, 1:8, 1:16... कुठपर्यंत पातळ केला तरी काम करतो, ते शेवटचं प्रमाण म्हणजे टायटर.

आणखी काटेकोर मामला हवा असेल तर जिवंत विषाणू, जिवंत पेशी आणि गायीचा रक्तद्रव यांची प्रत्यक्ष झुंज लावतात. पेशी बहुधा त्याच हॅमस्टरच्या, 1961 मध्ये ग्लासगोत एक दिवसाच्या पिल्लांच्या मूत्रपिंडांपासून काढलेल्या आणि तेव्हापासून जगभर वाढतच असलेल्या. दोन-तीन दिवसांनी जांभळा रंग ओतला की जगलेल्या पेशींचा थर रंगतो, मेलेल्या धुऊन जातात. इथे मात्र रंग म्हणजे पास!

लस जुनी, विषाणू नवा

लाळ्या-खुरकुताचे सात प्रकार. ओ हा फ्रान्समधल्या वाझ भागातला, ए हा आलेमान्य म्हणजे जर्मनीतला. मग सी, आफ्रिकेतले तीन सॅट आणि एशिया-1. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. सी प्रकार 2004 नंतर जगात कुठेच दिसलेला नाही. भारतातल्या लसीत ओ, ए आणि एशिया-1 हे तीन असतात.

पण एकाच प्रकारातही भाऊबंदकी आहे. लसीत वर्षानुवर्षं तोच विषाणू, आणि रानातला दरवर्षी थोडा बदलणारा. म्हणून प्रयोगशाळा लस घेतलेल्या जनावराचा रक्तद्रव दोघांशीही लढवून बघते आणि रानातल्याविरुद्धचं टायटर भागिले लसीतल्याविरुद्धचं टायटर असं गुणोत्तर काढते. झुंजीच्या चाचणीत ते 0.3 च्या खाली आलं की लसीतला विषाणू बदलायचा विचार सुरू करतात. लस टोचूनही रोग आला की गावात सगळे आधी लस देणाऱ्याला धरतात. खरा गुन्हेगार कधीकधी हा अपूर्णांक असतो.

कोंबड्यांचं टायटर

पोल्ट्रीवाल्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. टायटर हा शब्द त्यांच्या तोंडी दाण्याच्या भावाइतकाच असतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग. हाच इंग्लंडात न्यूकॅसल म्हणून ओळखला जातो, कारण 1926 मध्ये तो तिथे फुटला आणि पुढच्या वर्षी आपल्याकडे राणीखेतला. त्यावरची लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून देतात. लासोटा हे न्यू जर्सीतल्या एका कोंबडीपालकाचं आडनाव. 1946 मध्ये त्याच्या फार्मवरून तो विषाणू वेगळा केला आणि त्याचं आडनाव जगभरच्या खुराड्यांत पोचलं.

राणीखेतची चाचणी मात्र एलायझाहून जुनी, स्वस्त आणि बघायला फारच सुंदर. 1941 मध्ये अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेला इन्फ्लूएंझाचा विषाणू काढत असताना फुटलेल्या शिरेतलं रक्त त्यात मिसळलं आणि लाल पेशींच्या गुठळ्या झाल्या. काही विषाणू लाल पेशींना एकमेकींशी जोडतात, हे त्यावरून कळलं. राणीखेतचा विषाणूही त्याच जातीचा.

टेबलावर काय घडतं ते बघा. खळग्यांची एक ओळ. पहिल्यापासून पुढे कोंबडीचा रक्तद्रव निम्मा-निम्मा पातळ केलेला. प्रत्येकात ठरावीक विषाणू टाकायचा, अर्धा तास थांबायचं, मग कोंबडीच्याच लाल पेशींचं एक टक्क्याचं फिकट गुलाबी पाणी सोडायचं. चाळीस मिनिटांनी ओळ वाचायची. जिथे अँटीबॉडी होत्या तिथे विषाणू बांधला गेला, लाल पेशी मोकळ्या राहिल्या आणि घरंगळून तळाशी कुंकवाच्या टिकलीएवढा नीट ठिपका झाला. जिथे अँटीबॉडी संपल्या तिथे विषाणूने पेशी पकडून ठेवल्या आणि तळावर नुसता धूसर लाल पडदा पसरला. शंका आली तर पट्टी तिरपी धरायची. खरा ठिपका अश्रूसारखा खाली ओघळतो, पडदा हलत नाही. एक रुपयाचंही यंत्र लागत नाही. नजर मात्र तयार लागते. आंतरराष्ट्रीय नियमावलीत 1:16 पासून पुढे होकारार्थी धरतात.

कोंबडीची सुई चुकवायची असेल तर अंडं फोडा. कोंबडी आपल्या रक्तातल्या अँटीबॉडी बलकात भरून पिलाला देते, त्यामुळे बलकातूनही टायटर काढता येतं. हीच शिदोरी पुढे अडचणीची ठरते. पिलाच्या अंगात आईच्या अँटीबॉडी भरपूर असल्या तर त्या लसीलाच खाऊन टाकतात. राणीखेतच्या बाबतीत त्या साधारण चार-साडेचार दिवसांत निम्म्या होतात. म्हणून हुशार पोल्ट्रीवाला एक दिवसाच्या पिलांचं टायटर बघूनच लसीची तारीख ठरवतो.

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता किस्सा. कोंबडीच्या शेपटाशी, विष्ठामार्गाच्या वर एक छोटी पिशवी असते. फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने तिला बर्सा म्हणतात. तिचा उपयोग काय, हे तीनशेहून जास्त वर्षं कुणाला माहीत नव्हतं. 1950 च्या दशकात ओहायोत ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी ती कापून काय होतं ते बघत होता. विशेष काही होत नव्हतं. टिमोथी चँग या मित्राला वर्गात अँटीबॉडी तयार होण्याचं प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या, त्याने ग्लिकच्या उसन्या नेल्या. साल्मोनेलाचे जंतू टोचले. प्रात्यक्षिक साफ फसलं, बर्सा कापलेल्या कोंबड्यांत अँटीबॉडीच नाहीत! त्यावर निबंध लिहिला गेला, ‘सायन्स’ने परत पाठवला, आणि तो 1956 मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’ या कोंबड्यांच्या मासिकात छापून आला. अँटीबॉडी तयार करणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या पेशींना बी-पेशी म्हणतात, त्यातला बी या बर्साचा.

गुंबोरो रोगाचा विषाणू नेमका या बर्सावर हल्ला करतो. ज्या पिलांना तो लहानपणीच चाटून गेला, त्यांना पुढे कितीही लसी द्या, टायटर वर येत नाही. सगळी लस उत्तम, सगळं शीतपेटीत, तरी आकडे झोपलेले दिसले, की जाणकार आधी गुंबोरोचा संशय घेतो.

खरवस कुणाचा?

माणसाचं बाळ आईच्या अँटीबॉडी वारेतून घेऊनच जन्माला येतं. गायीची वार त्यांना पुढे जाऊ देत नाही. वासरू जन्मतं तेव्हा या बाबतीत जवळपास कोरं असतं. जे काही मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या चोवीस तासांत. त्यानंतर आतड्याची दारं मिटतात आणि अँटीबॉडी नुसत्या प्रथिनासारख्या पचून जातात. खरवसाच्या वड्या मलाही आवडतात, पण पहिल्या दिवसाचा चीक शेजारीपाजारी वाटणाऱ्यांना वासराचं टायटर एकदा दाखवायला हवं.

चीक चांगला की पातळ, हे मोजायचं साधन महाराष्ट्रात हजारो घरांत आहे, फक्त ते गोठ्यात नाही, द्राक्षबागेत आहे. घडाची गोडी बघायला नाशिक-सांगलीचे बागायतदार जो ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, त्यावरच गायीच्या चिकाचा थेंब टाकायचा. 22 ब्रिक्स किंवा जास्त भरलं, तर लिटरला 50 ग्रॅमच्या आसपास अँटीबॉडी आहेत, चीक उत्तम. द्राक्षात साखर मोजणारं भिंग इथे प्रथिनं मोजतं, कारण त्याला काय विरघळलंय याच्याशी देणंघेणं नसतं, प्रकाश किती वाकला एवढंच ते सांगतं.

पिलासारखंच इथेही आहे. आईच्या अँटीबॉडी वासरात असेपर्यंत लस वाया जाण्याची भीती. म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची पहिली लस चार महिन्यांनंतर.

रोगाच्या अँटीबॉडी की लसीच्या?

समजा जनावरात अँटीबॉडी सापडल्या. त्या लसीमुळे आल्या की रोग होऊन गेल्यामुळे? साधी चाचणी हे सांगू शकत नाही, आणि या एका प्रश्नावर देशोदेशींचा मांस-दुधाचा व्यापार अडतो.

बुळकांडीच्या वेळी तर यावर उत्तरच नव्हतं. वॉल्टर प्लाउराइट यांची पेशींवर वाढवलेली लस अप्रतिम होती, पण तिच्या आणि रोगाच्या अँटीबॉडी हुबेहूब सारख्या. मग देशांनी छातीवर दगड ठेवून लस बंद केली, नवी वासरं जन्मू दिली आणि त्यांच्यात अँटीबॉडी दिसतात का ते बघितलं. दिसल्या नाहीत, तर रोग खरंच गेला. भारतात 1995 नंतर बुळकांडी दिसली नाही, 2006 मध्ये देश मुक्त ठरला आणि 2011 मध्ये जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग. आफ्रिकेत याच बुळकांडीच्या लसीकरणानंतर रक्त तपासायला एलायझाचे संच आणि प्रशिक्षण कुणी पुरवलं असेल? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने! अणुबॉम्बवर नजर ठेवणारी व्हिएन्नातली तीच. अन्न व शेती संघटनेबरोबर तिचं शेतीसाठी एक संयुक्त केंद्र आहे.

लाळ्या-खुरकुतात मात्र युक्ती सापडली. विषाणू जनावराच्या अंगात वाढताना काही अशी प्रथिनं बनवतो, जी त्याच्या शरीराचा भाग नसतात, फक्त कामाला लागतात. लस करताना विषाणू मारतात आणि ही प्रथिनं धुऊन काढतात. म्हणून लस घेतलेल्या गायीत विषाणूच्या कवचाविरुद्ध अँटीबॉडी सापडतात, त्या प्रथिनांविरुद्ध नाही. दोन्ही सापडल्या, तर रोग येऊन गेला. अशी चाचणी मुक्तेश्वरला आपल्याच शास्त्रज्ञांनी बनवली आणि देशभर तीच वापरतात. मेख एवढीच की लस नीट धुतलेली हवी. कंपनीने तिथे हात आखडला, तर वारंवार लस घेतलेली निरोगी गायसुद्धा रोगी ठरते.

वर्षभर विसरलेली नळी

सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची एस-19 ही लस. 1923 मध्ये अमेरिकेत जॉन बक यांनी एका जर्सी गायीच्या दुधातून हा जंतू काढला. ती नळी प्रयोगशाळेत साध्या तापमानात वर्षाहून जास्त काळ राहिली आणि जंतू आपोआप मवाळ झाला. शीतसाखळी मोडल्यामुळे जन्मलेली ही लस आज शीतसाखळीशिवाय हलत नाही.

ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात, तेही आयुष्यात एकदाच. कारण तपासणीशी जोडलेलं आहे. ब्रुसेलाची गुलाबी थेंबाची रोज बेंगाल चाचणी लस आणि रोग यांत फरक करत नाही. मोठ्या गायीला लस दिली तर ती दीर्घकाळ रोगी दिसत राहील. कालवडीतल्या अँटीबॉडी ती गाभण राहीपर्यंत बहुधा ओसरलेल्या असतात. दुधावरची चाचणी आणखी मजेदार: दुधात निळसर रंगवलेले मेलेले जंतू टाकून ठेवायचं. अँटीबॉडी असतील तर जंतू सायीच्या थेंबांना चिकटून वर येतात आणि नळीच्या तोंडाशी निळं कडं दिसतं. नसतील तर साय पांढरी, खालचं दूध निळं.

उंदराच्या जिवावर

घटसर्पाची लस लागू पडली का, हे बघायची जुनी रीत: लस घेतलेल्या गुराचा रक्तद्रव उंदरांना टोचायचा, मग त्यांना घटसर्पाचे जंतू द्यायचे आणि किती उंदीर उरतात ते मोजायचे. पावसाळ्याच्या तोंडावर धनगर मेंढ्यांना आंत्रविषाराची लस देतात, तिचीही परीक्षा बराच काळ सशांच्या रक्तावर आणि उंदरांच्या मरणावर झाली. त्या विषाचा गुण असा, की कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून 1958 मध्ये काढलेल्या एका पेशीजातीला ते चटकन मारतं. त्यामुळे आता उंदराऐवजी त्या पेशी वापरता येतात. मेंढीची लस, कुत्र्याच्या पेशी, आणि सुटका उंदराची.

आकडा नाही, तरी जनावर सुरक्षित

2022 मध्ये लम्पीने महाराष्ट्राला घोर लावला, तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली, कारण हे विषाणू इतके जवळचे आहेत की अँटीबॉडीच्या चाचणीलाही ते वेगळे ओळखू येत नाहीत. पण लस घेतलेल्या कित्येक गायींत अँटीबॉडी अगदीच कमी दिसतात आणि तरी त्या रोगाला पुरून उरतात. इथली मुख्य लढाई अँटीबॉडी नव्हे, पेशी लढतात. रक्तद्रवात ती दिसत नाही.

पेशींची लढाई मोजायची तर रक्त जिवंत हवं. 1990 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात गुरांच्या क्षयासाठी अशी चाचणी निघाली: ताज्या रक्तात क्षयाच्या जंतूची प्रथिनं घालून रात्रभर ऊबेत ठेवायचं आणि पेशींनी इंटरफेरॉन गॅमा सोडला का ते सकाळी बघायचं. पुढे तीच कल्पना माणसांसाठी वापरली गेली. मोठ्या शहरांतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये क्षयाच्या छुप्या संसर्गासाठी माणसाची जी रक्ततपासणी होते, ती गायींकडून आलेली आहे.

अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा दारात

सप्टेंबर 2019 मध्ये मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी 13,343 कोटींचा. लाळ्या-खुरकुताची लस वर्षातून दोनदा. त्यात काही गावांतल्या काही जनावरांचं रक्त दोनदा घेतात, लस देण्याआधी आणि साधारण अठ्ठावीस दिवसांनी. पहिला नमुना घेतला नाही तर दुसऱ्याला अर्थ राहत नाही, कारण आधीपासूनच किती होतं हे कळत नाही. आपल्याकडे पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पश्चिम विभागाची प्रादेशिक निदान प्रयोगशाळाही तीच.

एका गायीचा आकडा बघून मालकाने हरखू नये की खचू नये. टायटर कमी असलेली गाय वाचते आणि भरपूर असलेली कधी आजारी पडते. हा आकडा कळपाचा असतो: शंभरातली किती जनावरं रेषेच्या वर आहेत, यावर गावात साथ पेटणार की विझणार हे ठरतं.

पथक दुसऱ्यांदा येतं तेव्हा ‘डॉक्टरसाहेब, लस तर झाली की, आता रक्त कशाला काढता?’ हा प्रश्न ठरलेला. पशुपालकांना एवढंच सांगणं, की तीच गाय बांधून ठेवा. पहिल्या वेळची गाय रानात गेली म्हणून शेजारची पुढे करू नका. बिल्ला पडला असेल तर सांगा. रक्त गोठून रक्तद्रव सुटेपर्यंत नळी हलवू, घुसळू देऊ नका, पेशी फुटून तो लाल झाला की नमुना बाद होतो. आणि महिनाभराने निकाल काय आला, हे दवाखान्यात जाऊन विचारा. विचारणारे फार थोडे असतात.